मदत हवी आहे: मांजरीची ल्युकेमिया किट पॉझिटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह

मनी दीड वर्षाची आहे, नसबंदी झालेली, घरातच असते. हिरड्या पांढुरक्या दिसल्या म्हणून नेलं, तर हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) फक्त १८ टक्के आणि नव्या लाल पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत. एफईएलव्हीची (मांजरींच्या ल्युकेमियाचा विषाणू) किट चाचणी, म्हणजे त्या विषाणूचं पी२७ हे प्रथिन (अँटिजेन) शोधणारी, फिकट रेघेने पॉझिटिव्ह; एफआयव्ही (मांजरींची प्रतिकारशक्ती घटवणारा विषाणू) निगेटिव्ह. पण प्रयोगशाळेत पाठवलेली प्रोव्हायरल डीएनए पीसीआर (मांजरीच्या पेशींत मिसळलेला विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली.

एफईएलव्हीची लस कधी दिलेली नव्हती. तशीही लसीमुळे पी२७ चाचणी पॉझिटिव्ह येत नाही. रक्तातल्या मायकोप्लाझ्माच्या (लाल पेशींना लागण करणारे जिवाणू) शंकेवरून डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा पूर्ण कोर्स झाला, फरक नाही. गोचिड्या, पिसवा नाहीत. खाते, पण थोडंच. वजन टिकून आहे, ताप नाही.

घरात दुसरा बोका आहे, तो निगेटिव्ह आलाय. विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो म्हणून त्याची खोली आणि भांडी वेगळी केली आहेत; सहा आठवड्यांनी त्याची पुन्हा तपासणी करणार.

डॉक्टर अस्थिमज्जेची तपासणी सुचवतात. एवढ्या अशक्त जिवाला भूल द्यायची मला खरंच भीती वाटते. झिडोव्हुडीन या विषाणूविरोधी औषधाचा विषयही निघाला, पण त्याने लाल पेशी आणखी घटू शकतात, त्यामुळे खात्रीशिवाय ते नको.

असे उलटसुलट निकाल कुणी हाताळलेत का? सहा आठवडे थांबून अँटिजेन आणि पीसीआर दोन्ही पुन्हा करायच्या, मध्ये आयएफए (रक्तपेशींच्या आत विषाणूचं अँटिजेन शोधणारी चाचणी) करून घ्यायची, की अशा रक्तक्षयात थांबणंच चुकीचं ठरेल?