लँडिंग गिअर उघडलंच नाही तर पुढे काय?

खिडकीजवळची_सीट:
मागच्या महिन्यात आमचं विमान रनवेवर टेकणार एवढ्यात परत वर गेलं आणि मग पाऊण तास नुसत्या घिरट्या. कॅप्टन म्हणाले पुढच्या चाकाचा सिग्नल येत नाहीये. नीट उतरलो शेवटी, पण खाली फायर ब्रिगेडच्या गाड्या रांगेत दिसल्या तेव्हा हातपाय गार पडले. खरंच चाक उघडलं नसतं तर? आणि अडचण माहीत असून इतका वेळ वर का थांबतात, पटकन उतरवत का नाहीत?

हँगरवाला:
मेंटेनन्समध्ये आहे म्हणून सांगतो. कॉकपिटमध्ये प्रत्येक गिअरचा, म्हणजे चाक आणि त्याच्या पायाचा, हिरवा दिवा असतो, लागला म्हणजे गिअर खाली येऊन लॉक झालं. नाही लागला तर कधी कधी गिअर ठीकच असतं, सेन्सरची नाहीतर वायरिंगची भानगड असते, पण वर बसून ते खात्रीने कळत नाही मग चेकलिस्ट काढून एकेक पायरी करत बसावं लागतं. हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर गिअर हलवणारी सिस्टीम, गेली तरी गिअरला वर धरून ठेवणारं लॉक सोडवलं की गिअर स्वतःच्या वजनाने खाली येतं. आम्ही विमान जॅकवर उचलून हे तपासतो, लॉक बसल्याचा खट्ट आवाज येईपर्यंत सगळे कान देऊन उभे असतात.

घिरट्या इंधन जाळायलाही असतात, म्हणजे उतरताना विमान हलकं आणि आगीचा धोका कमी. २००५ मध्ये लॉस एंजेलिसला एका ए३२० विमानाचं पुढचं चाक ९० अंशात आडवं अडकलेलं. त्या विमानाला हवेत इंधन सोडायची सोय नाही, म्हणून तीनेक तास फिरवलं, माणसं आणि सामान मागे हलवलं. टेकल्यावर टायर फाटून ठिणग्या, ज्वाळा, सगळं झालं पण १४६ जणांपैकी कुणालाही इजा नाही.

रात्रपाळी:
पोलंडमधलं वॉर्सा, २०११ पण बघा. बोइंग ७६७, हायड्रॉलिकचं तेल गळून गेलं आणि पर्यायी सिस्टीमही चालेना, कारण एक सर्किट ब्रेकर (वीज तोडणारं बटण) ट्रिप झाला होता आणि तो कुणाच्या लक्षातच आला नाही. कॅप्टन व्रोनांनी विमान पोटावर उतरवलं, २३१ जण सुखरूप. नंतर विमान उचलून ब्रेकर दाबला तर गिअर खाली आलं! हे वाचून मला अजून अस्वस्थ होतं.

उंची_बघा:
माझ्या मते गिअरपेक्षा लक्ष भरकटणं जास्त घातक. १९७२, अमेरिकेत मायामीजवळ, ट्रायस्टार जातीचं प्रवासी विमान. पुढच्या गिअरचा दिवा लागेना म्हणून सगळे त्या बल्बच्या मागे लागले, ऑटोपायलटने उंची सोडली ते कुणी पाहिलंच नाही आणि विमान हळूहळू खाली येत दलदलीत कोसळलं. १०१ माणसं गेली. गिअर खालीच होतं, फक्त बल्ब उडालेला. १९७८ ला अमेरिकेतल्याच पोर्टलंडमध्ये एक डीसी-८ विमान गिअरच्याच काळजीत तासभर फिरलं आणि इंधन संपलं, १० गेले. क्रूचं ट्रेनिंग त्यानंतर बदललं, इंधन संपतंय हे ज्युनिअरने ठणकावून सांगायचं आणि कॅप्टनने ऐकायचं.

खिडकीजवळची_सीट:
बल्बचं वाचून सुन्न झालो. प्रवाशाने काय करायचं मग?

हँगरवाला:
सांगतील तसं डोकं खाली घालून बसा, आणि बाहेर पडताना बॅगेला हात लावू नका. गिअर मोडलं की विमान कलतं, मग दारातून बाहेर पडायची एखादी फुगवलेली घसरगुंडी जमिनीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे जवळचा दरवाजा क्रूने अडवला तर वाद न घालता दुसरीकडे वळा.