हल्ला झाला, आता युद्ध होणार? – त्या मधल्या दिवसांचे अनुभव

13 डिसेंबर 2001 ला संसदेवर हल्ला झाला तेव्हा मी बारावीत होते. बाबा टीव्हीसमोरून उठलेच नाहीत. "आता होणार," म्हणाले. झालं नाही. 26/11 नंतरही झालं नाही. पुढे उरीनंतर अकरा दिवसांनी सर्जिकल स्ट्राइक, पुलवामानंतर बारा दिवसांनी बालाकोट, पहलगामनंतर पंधराव्या दिवशी ऑपरेशन सिंदूर.

आपल्याकडे हा निर्णय संसदेत मतं मोजून होत नाही. पंतप्रधान आणि संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र खात्यांचे मंत्री यांची सुरक्षाविषयक समिती बसते, तिथे ठरतं. त्या खोलीत आपण नसतो, पण ते दिवस सगळ्यांनाच काढावे लागतात. तेव्हा तुम्ही कुठे होता, काय वाटलं, पुढे ते बदललं का, एवढंच लिहा. कोण बरोबर हा वाद इथे नको.

तोफखान्यातला निवृत्त हवालदार

डिसेंबर 2001. बहिणीच्या लग्नासाठी रजेवर आलो होतो. हळदीच्या आदल्या दिवशी एसटीडी बूथवाल्याचा पोरगा धावत आला, युनिटचा फोन होता. हळद न बघताच निघालो.

तोफा गाड्यांवर चढवून राजस्थान सीमेवर पोचेपर्यंत जानेवारी उजाडला. 12 तारखेला पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांचं भाषण झालं, आणि तिथून आमचं थांबणं सुरू झालं. आधी थंडी, मग लू, म्हणजे उन्हाळ्याचे गरम वारे. 14 मे ला जम्मूजवळ कालूचकला जवानांच्या क्वार्टरवर हल्ला झाला, बायकापोरं मारली. माझी बायकोसुद्धा तेव्हा अशाच एका छावणीत, क्वार्टरमध्ये होती. त्या दिवशी हुकूम आला असता तर एका पायावर गेलो असतो, आजही हेच सांगेन. आठवड्याभरात पंतप्रधान वाजपेयी काश्मीरमध्ये कुपवाड्याला आले, निर्णायक लढाईची भाषा झाली. त्या रात्री आमच्याकडे सगळ्यांनी घरी पत्रं लिहिली. हुकूम काही आला नाही. ऑक्टोबरात फौजा मागे घ्यायचं ठरलं.

या दहा महिन्यांत शेजारच्या तुकडीतले दोघे सुरुंगांनी गेले. एकाच्या घरी मी सामान पोचवायला गेलो होतो. वडील शेतकरी. त्यांनी विचारलं, "कुठल्या लढाईत गेला म्हणून सांगू लोकांना?" मला उत्तर देता आलं नाही.

मुंबईची एक वाचक

माझा मामेभाऊ 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटीला गावच्या गाडीची वाट बघत बसला होता. तिथेच गेला.

3 डिसेंबरला गेटवेला प्रचंड गर्दी जमली, त्यात मी होते. युद्ध हवं म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले. सरकारने लष्करी उत्तर दिलं नाही. तो राग मी कित्येक वर्षं बाळगला. पुढे तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी लिहिलेलं वाचनात आलं. सुरुवातीला त्यांचंही मत प्रत्युत्तर द्यावं असंच होतं, पण हल्ला न करण्यातून जास्त साधेल असं शेवटी सरकारने ठरवलं. मला हिशेब समजला. पटला का, ते अजून सांगता येत नाही. मामीला समजावायला गेले, तर ती एवढंच म्हणाली, "ज्यांनी हिशेब केला त्यांच्या घरातलं कोण गेलं होतं?" 21 नोव्हेंबर 2012 ला कसाबला फाशी दिली, त्या दिवशी तिने टीव्ही लावला नाही.

डोंबिवलीकर

पहलगामच्या 26 जणांत आमच्या डोंबिवलीतले तिघे होते. अंत्यदर्शनाला सगळं गाव लोटलं होतं. 7 मे 2025 ला सकाळी ऑपरेशन सिंदूरची बातमी आली आणि सोसायटीत पेढे वाटले. मी घेतला, खाल्ला, समाधान वाटलं. ते लपवणार नाही. आमच्या माणसांना बायकामुलांसमोर गोळ्या घातल्या होत्या.

जम्मूत शिकणारी

दादा, तसल्याच पेढ्यांचे फोटो मला हॉस्टेलवर आले. मला त्याचा राग नाही, आमच्या घरीही वाटले होते. पण मी ते फोटो माझ्या रूममेटपासून लपवत होते. ती पूंछची. 7 मे च्या पहाटेपासून तिच्या गावावर तोफगोळे पडत होते आणि घरचा फोन लागत नव्हता.

8 तारखेला रात्री जम्मूत सायरन झाला, दिवे गेले. आकाशात लाल रेघा आणि धडाके. आम्ही गाद्या ओढून जिन्याखाली बसलो, ती हातातला फोन खाली ठेवेना. आई मला इकडून सारखी विचारत होती, "टीव्हीवर दाखवतात ते खरं का गं?" मी "नाही" म्हणत होते. 10 तारखेला संध्याकाळी पाचपासून शस्त्रसंधी म्हणून कळलं, आम्ही रडलो. त्याच रात्री पुन्हा ड्रोन दिसले, पुन्हा अंधार. त्या चार दिवसांत सरकारने करायला हवं होतं की नको, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. फक्त कधी थांबेल एवढंच.

डोंबिवलीकर

बेटा, त्या मुलीच्या घरचे कसे आहेत?

जम्मूत शिकणारी

माणसं सगळी वाचली. मागची भिंत पडली, ती बांधून झाली. तिच्या काकांना डाव्या कानाने अजून ऐकू येत नाही.