बाहेरच्या मजुरांबद्दल आपलं मत बातमीतून बनते का खालच्या कमेंटमधून?

पऱ्हाटीवाला (वरुड)
राजेहो, आमच्याकडं बैतूल-छिंदवाड्याचे मजूर संत्रा तोडाले, कापूस वेचाले दरवर्षी येतात, नवीन काही नाही. पण पारावरचं बोलणं बदललं आता. बातमीचा व्हिडिओ लावतात, अर्धा पाहतात अन् लगेच कमेंट उघडून मोठ्यानं वाचतात. वरती बातमी असते मजुरी बुडवल्याची अन् खाली सगळ्यात वरची कमेंट, भरपूर लाइकवाली, "हाकला यांना, चोऱ्या करतात". मग पारावर चर्चा चोरीची, मजुरीचा विषय गेला खड्ड्यात. २०१३ च्या सुमारास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. नॅनोटेक्नॉलॉजीवरचा एकच लेख ११८३ लोकांना दिला, फक्त खालच्या कमेंट वेगळ्या, काहींना सभ्य, काहींना शिवीगाळवाल्या. शिवीगाळ वाचली त्यांचं आधीचं मत अजून कट्टर झालं, लेख तोच असून! पॉप्युलर सायन्स मासिकानं त्याच वर्षी याचा हवाला देऊन वेबसाइटवरच्या कमेंट बंद केल्या होत्या.

खारपाणपट्टा
काऊन बाप्पा, नॅनोटेक्नॉलॉजी अन् वेचाईचा भाव एकच हाये का? ठेकेदार बाहेरची टोळी आणते अन् गावातल्या बायांना म्हणते हे कमीत करतात, तुमाले परवडत असन तर या. त्या बाईचा राग कोणत्या बातमीत दिसते सांग. पत्रकार येते, दोन बाईट घेते, चालला. कमेंट बंद केल्या तर गरिबानं बोलाव कुठं?

झाडीचा पोट्टा (सिंदेवाही)
आमच्याकडं धान निघाला का लोक मिरची तोडाले तेलंगणात जातात, खम्मम-वरंगलकडं. मार्च २०२० ले तिकडंच अडकले अन् किती तर पायी निघाले. तेव्हा तिकडच्या व्हिडिओखाली तेलुगूत आपल्याबद्दल काय लिहिलं असन? बरं हाये वाचता येत नाही.

मुलचेरा
मी बंगाली, जन्म इथलाच. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या लोकांना सरकारनं आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी-मुलचेऱ्याकडं वसवलं, बांगलादेश हा देश तेव्हा नव्हताच. बाजारात मला कोणी काही विचारत नाही, वर्षानुवर्षं सोबत धान विकतो आम्ही. पण आमच्या भागाचा कोणताही व्हिडिओ उघडा, रस्त्याचा असो का हत्तीचा, खाली कोणीतरी "बांगलादेशी, कागद दाखव" लिहिलेलंच असते. आता कॉलेजातले पोट्टेही गमतीत तेच म्हणतात, ते कुठून शिकले?

खारपाणपट्टा
दादा तुमच्याबद्दल नाही बोललो मी. अन् तसं लिहिणारा गडचिरोलीचा नसनच, आपला माणूस आपल्या माणसाले ओळखते.

पऱ्हाटीवाला
हेच तर सांगून रायलो ना भाऊ! लिहिणारा दूर कुठं बसला हाये, ठेकेदार त्यानं पाहिला नाही का वावर पाहिलं नाही, अन् यूट्यूब त्याचीच कमेंट वर आणून ठेवते कारण तिच्यावर भांडण जास्त. तुझी ती वेचणारी बाई कुठं हाये त्यात? मार्च २०२३ मध्ये तमिळनाडूत बिहारी मजुरांना मारून टाकतात असे व्हिडिओ फिरले, तिथल्या पोलिसांनी खोटे म्हणून सांगितलं, बिहारचं पथक जाऊन आलं, पण मजूर आधीच घाबरले होते.

खारपाणपट्टा
अरे पण तिथं व्हिडिओच खोटा होता, कमेंट नाही! उलट कमेंटमध्येच कोणीतरी लिहिते का हा जुना व्हिडिओ हाये, दुसऱ्या राज्यातला हाये. म्या स्वतः असं वाचून फॉरवर्ड करणं थांबवलं हाये. तू म्हणशीन तसं बंद केलं तर हे पण गेलं.

पऱ्हाटीवाला
बंद करा म्या कुठं म्हटलं? पारावर वाचणाऱ्यानं व्हिडिओ तर पूर्ण पाहावा, एवढंच.

शेतकरीण (आर्वी)
तुमचं चालू द्या, पण सीतादही (कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा) झाली का वेचणाऱ्या बाया शोधत गावभर मीच फिरते. बाहेरचे नको म्हणून लिहिणारे आमच्याही गावात आहेत, त्यातल्या एकाच्या वावरात मागच्या हंगामात छत्तीसगडचीच टोळी होती. म्हणून मी कमेंटवरून कोणाचं मत काय हे ठरवत नाही, वावर पाहून ठरवते.

खारपाणपट्टा
ताई, भाव सांगा. गावच्या बाईले किती, टोळीले किती?

शेतकरीण (आर्वी)
किलोमागं १० रुपये, दोघांनाही. टोळीला येण्याजाण्याचं भाडं वरून. स्वस्त कुठं पडते?

खारपाणपट्टा
अन् त्या १० मधून ठेकेदार किती कापते, ते टोळीतल्या बाईले विचारलं का कधी?