विषय: प्रस्ताव 5 – दान की अदलाबदल?

27 ऑक्टोबर 2013

सप्रेम नमस्कार मंडळी,

नागरिकत्व मिळाल्यानंतर यंदा मी प्रथमच मतदान करणार आहे. 5 नोव्हेंबरच्या मतपत्रिकेचा नमुना पाहिला, तर न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत दुरुस्ती सुचवणारे सहा प्रस्ताव दिसले. कॅसिनोंचा पहिला प्रस्ताव कळायला वेळ लागला नाही. पाचव्यापाशी मात्र अडले. ॲडिरॉंडॅक उद्यानातील, एसेक्स काउंटीतल्या लुइस गावाजवळची सुमारे 200 एकर सार्वजनिक वनजमीन नायको मिनरल्स या कंपनीला खाण वाढवण्यासाठी द्यायची. कंपनी राज्याला दुसरी जमीन दान करणार आणि खाणकाम संपल्यावर मूळ जमीनही पूर्ववत करून परत देणार. वरवर पाहता यात राज्याचा फायदाच दिसतो. मग पर्यावरण संस्थांमध्ये दोन तट का पडले आहेत? त्या डोंगरांत वर्षानुवर्षे भटकणाऱ्या काकांनी कृपया लिहावे.

आपली एक सभासद

28 ऑक्टोबर 2013

ताई, स. न. वि. वि.

आपले मंडळ राजकारणात पडत नाही, तेव्हा पुढचे मत केवळ माझे समजावे.

तुमच्या पत्रातील ‘दान’ हा शब्द मला खटकला. दान देणाऱ्याने परतफेडीची अपेक्षा ठेवायची नसते. इथे तर काय घ्यायचे ते आधी ठरले आणि काय द्यायचे ते मागाहून शोधले गेले. ही अदलाबदल आहे, आणि अदलाबदल म्हटली की माप कोणाचे, हे विचारावे लागते.

1894 साली या राज्याच्या घटनेत एक कलम आले. राज्याच्या मालकीची राखीव वनजमीन कायम रानच राहील, ती विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, बदलूनही देता येणार नाही, असे ते कलम सांगते. ‘बदलून’ हा शब्द त्यात मुद्दाम घातलेला आहे. म्हणूनच दोनशे एकरांसाठीसुद्धा एकापाठोपाठ निवडून आलेल्या दोन विधिमंडळांची संमती आणि त्यावर साऱ्या राज्याचे मतदान लागते. पुष्कळांना हा द्राविडी प्राणायाम वाटतो. माझ्या मते त्या कलमाची सारी ताकद याच खटाटोपात आहे.

अपवाद पूर्वीही झाले आहेत. 1963 मध्ये सॅरनॅक लेक गावाला कचरा टाकण्यासाठी 10 एकर दिले आणि बदल्यात 30 एकर घेतले. 1979 मध्ये इंटरनॅशनल पेपर या खासगी कंपनीशी सुमारे 8,500 एकरांच्या बदल्यात सुमारे 10,000 एकर असा व्यवहार झाला, पण तिथे दोघांच्या विखुरलेल्या जमिनी सलग करायच्या होत्या. एका कंपनीला राखीव रानाच्या पोटातले खनिज काढता यावे म्हणून घटना बदलायची, हे मी तरी प्रथमच पाहतो आहे.

आता मापाकडे या. प्रचारात दीड हजार एकरांच्या आसपास जमीन मिळणार असे सांगितले जाते. मतपत्रिकेवरील अट मात्र इतकीच आहे की मिळणारी जमीन निदान तेवढ्याच क्षेत्राची आणि तेवढ्याच किमतीची असावी आणि ती किंमत 10 लाख डॉलरपेक्षा कमी नसावी. मला चिंता आहे ती या ‘किमती’ची. डोंगरउतारावरच्या रानाचा भाव बाजारात फारसा नसतो. कंपनीला ते रान हवे आहे ते खालच्या दगडासाठी. रानाच्या भावाने मोजून दगड नेता येत असेल, तर तराजू आधीच कलला आहे.

राहिली परतफेड. मेपल आणि बीच वृक्षांच्या जुन्या रानात पाऊल टाकले की जमीन गादीसारखी दबते. पानांचा तो थर साचायला पिढ्या लागलेल्या असतात. खाण बुजवून, वर माती पसरून आणि रोपे लावून जे परत येईल, त्याचे क्षेत्रफळ दोनशे एकरच भरेल, एवढीच खात्री देता येते.

आपला काका

29 ऑक्टोबर 2013

आदरणीय काका,

आपला युक्तिवाद पटण्याजोगा आहे, तरी मी प्रस्तावाच्या बाजूने मत देणार आहे. रंगांच्या प्रयोगशाळेत माझी उमेदीची वर्षे गेली. वोलास्टोनाइट हे ज्याचे नाव घेण्याचे आपण टाळलेत, ते खनिज माझ्या टेबलावर पांढऱ्या पुडीच्या रूपात रोज असे. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या बारीक सुया दिसतात, आणि त्या सुयांमुळेच रंगाचा थर, प्लॅस्टिक किंवा चिनी माती भक्कम होते. अनेक ठिकाणी ॲस्बेस्टॉसची जागा याच खनिजाने घेतली. त्याची शीर कंपनीच्या हद्दीपाशी थांबत नाही, ती शेजारच्या रानाखाली जाते. जुन्या खाणीला लागून दोनशे एकर खणणे हे दुसरीकडे कोरा डोंगर फोडण्यापेक्षा बरे, असे मला वाटते. शिवाय त्या भागात नोकऱ्या मोजक्याच आहेत. ॲडिरॉंडॅक कौन्सिलसारखी जुनी संस्थाही प्रस्तावाच्या बाजूने आहे. ती काही रानाची वैरी नव्हे.

आपण दाखवलेली किमतीची मेख मात्र माझ्याही लक्षात आली नव्हती.

आपला नम्र

6 नोव्हेंबर 2013

काका आणि दादा,

प्रस्ताव सुमारे 53 टक्के मतांनी मंजूर झाला. काल मतपत्रिका हातात घेऊन मी अपेक्षेपेक्षा बराच वेळ उभी होते. रांगेतले एक गृहस्थ खाकरलेसुद्धा. शेवटी ‘नाही’वर खूण केली. दादांचे म्हणणे खोटे वाटले म्हणून नव्हे, तर ‘निदान तेवढीच किंमत’ हे शब्द पुन्हा वाचल्यावर हात पुढे जाईना.

आता कंपनी आधी भोके पाडून नमुने घेईल आणि मग जमीन घ्यायची की नाही ते ठरवेल, असे वाचले. काका, वसंतात तुम्ही तिथल्या ‘जे’ नावाच्या डोंगरावर जाणार असाल, तर मलाही न्यावे. त्या बाजूचे रान आहे तसे एकदा पाहायचे आहे.

आपली सभासद