वॅट म्हणजे आच, तापमान म्हणजे थांबायची खूण

तुम्ही विचारलंय, वेपवर (ई-सिगारेटवर) तापमान 220 अंश ठेवल्यावर 30 वॅट आणि 50 वॅटमध्ये फरक काय. मी पुण्यात हीटर दुरुस्त करतो, वायर तपकीर गल्लीतून आणतो, त्यामुळे कॉइलशी, म्हणजे तापणाऱ्या वायरच्या वेटोळ्याशी, रोजचा संबंध. वॅट म्हणजे फक्त गॅसची आच. 50 वर कॉइल लवकर तापते, मग यंत्र स्वतःच वॅट खाली आणतं. आच फारच कमी असेल तर 220 गाठलंच जात नाही.

यंत्रात थर्मामीटर नसतो हो! ते वायरचा रोध (विजेला होणारा अडथळा) मोजतं. स्टीलची (एसएस 316) 0.50 ओहमची कॉइल 20 अंशांवरून 220 वर गेली की साधारण 0.59 ओहम होते. एवढ्याशा फरकावर सगळा हिशोब. म्हणून मूळ रोध कॉइल पूर्ण गार असतानाच यंत्रात लॉक (पक्का) करा. गरम असताना केलात तर पडद्यावर 220 दिसेल आणि कॉइल त्याहून बरीच तापलेली असेल, कॉइलमधला द्रव शोषणारा कापूस करपेल. कॅन्थल नावाच्या दुसऱ्या वायरचा रोध तापल्यावर जवळपास बदलतच नाही, तिथे तापमान ठरवायचा हा मोड निरुपयोगी.

तुम्ही इंग्लंडात आहात म्हणून सांगितलं. इथे भारतात येताना ते यंत्र आणू नका, 2019 च्या कायद्याने आयात आणि विक्री दोन्ही बंद आहे.