डेंग्यूच्या लशीची चाचणी उद्या सोलापुरात आली, तर नाव द्यायचं का?

सातरस्ता
आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद आणि पॅनेशिया बायोटेक ही कंपनी यांनी एका डोसच्या डेंग्यू लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकहून सुरू केली. 19 केंद्रं, 10,335 धडधाकट प्रौढ. असं केंद्र आपल्याकडे आलं तर लोकांनी नाव द्यावं, असं माझं मत. चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात घरोघरी बॅरल भरलेला असतो. नवं पाणी येईपर्यंत जुनं कोणी ओतत नाही, त्यावरच भर पडते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बॅरलच्या भिंतीला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. नुसतं झाकण ठेवून भागत नाही, आतून घासावं लागतं.

परदेशातले आकडे आहेत की, असं कोणी म्हणेल. आपल्या लशीसारखीच अमेरिकेच्या एनआयएच या संशोधन संस्थेच्या विषाणू-वाणांवरून केलेल्या लशीची ब्राझीलमध्ये 16,235 जणांवर चाचणी झाली. दोन वर्षांत 79.6 टक्के परिणामकारकता निघाली. पण त्या काळात तिथे 3 आणि 4 प्रकारच्या डेंग्यूचे रुग्णच सापडले नाहीत. त्या दोन प्रकारांवर लस किती चालते, हे त्या आकड्यात नाहीच. ते इथेच कळणार.

शेंगाचटणी
कळणार, पण कोणाच्या जिवावर? फिलिपिन्सचं आधी सांगा की. 2016 पासून तिथे आठ लाखांवर मुलांना डेंगव्हॅक्सिया ही आधीची डेंग्यू लस टोचली. नोव्हेंबर 2017 मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लशीनंतर गंभीर डेंग्यूचा धोका वाढतो. डेंग्यू चार प्रकारचा. एकदा एक प्रकार होऊन गेला की दुसऱ्या प्रकाराच्या वेळी आधीच्या अर्धवट प्रतिपिंडांचा (विषाणूशी लढायला रक्तात तयार होणाऱ्या अँटिबॉडींचा) आधार घेऊनच विषाणू पेशीत शिरतो. कच्ची लस म्हणजे शरीराच्या हिशोबात पहिला डेंग्यूच.

कडक भाकरी
शेंगाचटणी, माहिती बरोबर आहे, निष्कर्ष उलटा काढलाय. ती खोट चाचणीतल्या माणसांचा पाठपुरावा चालू ठेवला म्हणूनच दिसली. तिसऱ्या वर्षी लहान वयाच्या मुलांमध्ये दवाखान्यात भरती होणाऱ्यांचं प्रमाण लस घेतलेल्यांत जास्त निघालं, आणि ते 2015 मध्येच छापून आलं होतं. तरी पुढच्या वर्षी सरकारने मोहीम काढली. दोष चाचणीत नाव देणाऱ्यांचा नाही, आकडे न वाचणाऱ्यांचा. शिवाय ब्राझीलच्या चाचणीत आधी डेंग्यू न झालेल्यांतही 73.6 टक्के संरक्षण दिसलं, झालेल्यांत 89.2.

शेंगाचटणी
खोट तिसऱ्या वर्षी दिसली म्हणता, आणि इथल्या चाचणीचा पाठपुरावा दोन वर्षांचा. जमतंय का हे गणित?

कडक भाकरी
हा मुद्दा मान्य. दोन वर्षांनंतर कोण विचारणार, हे माहितीपत्रकात लेखी मागावं. सुरुवातीला रक्त घेतात, त्यात डेंग्यूच्या जुन्या प्रतिपिंडांचा निकाल काय आला आणि तो आपल्याला सांगणार का, हेही विचारावं.

उजनीचं पाणी
तुम्ही दोघं लशीवर भांडताय. चाचणी बिघडते ती तापाच्या वेळी. सुई घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, मग डायरी देतात: रोजचा ताप, सुईच्या जागेची लाली पट्टीने मोजून मिलिमीटरमध्ये. तेवढं लोक करतात. खरी परीक्षा आठ-दहा महिन्यांनी, ताप आल्यावर. पहिल्या पाच दिवसांत रक्त दिलं तरच एनएस1 आणि पीसीआर या रक्ततपासण्यांत विषाणू आणि त्याचा प्रकार हाती लागतो. पुढे तो रक्तातून ओसरतो, आयजीएम ही प्रतिपिंडं तेवढी सापडतात, आणि त्यांच्यावरून चारातला कोणता प्रकार ते खात्रीने सांगता येत नाही.

आता आपल्याकडे काय होतं बघा. यंत्रमागावरचा कामगार बारा तासांच्या पाळीत, खटखटाटात फोन ऐकू येत नाही. ताप आला की गल्लीतल्या डॉक्टरकडे इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी परत कामावर. सहाव्या दिवशी चाचणीवाल्यांचा फोन लागतो, तेव्हा रक्त घेऊन उपयोग उरलेला नसतो. तो रुग्ण मोजलाच जात नाही. लस कोणाला आणि बिनऔषधी सुई कोणाला, हे दोन्ही बाजूंना माहीत नसतं, त्यामुळे अशी गळती दोन्ही गटांत सारखी झाली तर नुसती रुग्णसंख्या कमी पडते. एका गटात जास्त झाली तर निकालच खोटा. त्यातून त्या डॉक्टरने दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचलं तर रक्तस्रावाचा धोका वेगळाच. तापाला पॅरासिटामॉलच.

शेंगाचटणी
म्हणूनच म्हणतो, आपले बिडी आणि यंत्रमाग कामगार यात ओढू नका. 2009-10 मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा प्रकल्प झाला, त्यात खम्ममला वसतिगृहाच्या वॉर्डननी मुलींच्या वतीने सह्या केल्या होत्या. सात मुली दगावल्या. मृत्यू लशीमुळे नाहीत असं चौकशीत निघालं, पण संमतीचा घोळ काही पुसला गेला नाही.

पूर्वभागातली
ओढू नका म्हणजे त्यांना डेंग्यू होऊ द्या, लस मात्र पुण्या-मुंबईच्या अंगावर तपासा? त्यांना वगळण्यापेक्षा संमती नीट घ्या.

आणि इथली गोम पत्रकाच्या भाषेत आहे. नियम म्हणतो, माणसाला समजेल त्या भाषेत. वरून कोणी तरी तेलुगू पत्रक छापून पाठवेल आणि काम झालं म्हणेल. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी बायका घरात तेलुगू बोलतात, पण शाळा मराठीत झाली, तेलुगू लिपी वाचता येत नाही. छापील तेलुगू आंध्र-तेलंगणाच्या वळणाची, आमची सोलापुरी. म्हणजे कागद मराठी, समजावणं तोंडी तेलुगूत. अक्कलकोटच्या बाजूला तेच कन्नडचं. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना तटस्थ साक्षीदार पूर्ण वेळ हजर लागतो. तो बिड्या मोजून घेणारा नको आणि दवाखान्याचा शिपाईही नको. ज्याच्या हातात तिची मजुरी, त्याच्यासमोर ती नाही कशी म्हणणार?

सातरस्ता
पैशाचंही बोला. बिड्या हजारावर मोजतात, अर्धा दिवस गेला की तेवढी मजुरी गेली. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यायलाच हवी. आकडा चाचणीवर लक्ष ठेवणारी नैतिकता समिती मंजूर करते. 2019 च्या औषध-चाचणी नियमांप्रमाणे तिच्यात किमान सात सदस्य, निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा.

शेंगाचटणी
मजुरी ठीक. जीव गेला तर?

कडक भाकरी
त्याचं सूत्र नियमातच आहे. मूळ रक्कम 8 लाख, गुणिले वयाचा घटक, गुणिले जोखमीचा घटक, भागिले 99.37. धडधाकट माणसासाठी जोखमीचा घटक सर्वांत मोठा, 4. पासष्टीच्या माणसाचा हिशोब 32 लाखांवर येतो, चाळिशीतल्याचा 59 लाखांच्या आसपास. म्हणून संमतीपत्रात वारसाचं नाव आणि नातं लिहायची जागा असते. ती कोरी ठेवून सही करू नका.

शेंगाचटणी
हे सगळं ‘चाचणीमुळे झालं’ असं ठरलं तर. गंभीर प्रसंग 24 तासांत कळवायचा, 14 दिवसांत डॉक्टर आणि कंपनीचा अहवाल, 30 दिवसांत समितीचं मत, 90 दिवसांपर्यंत केंद्रीय औषध नियंत्रकाचा निर्णय, मग पैसे द्यायला आणखी 30. तोवर घर कसं चालवायचं? आणि बिनऔषधी सुई मिळालेल्याला घरातल्या बॅरलच्या डासाने डेंग्यू झाला, तर ती चाचणीतली इजा म्हणून मान्य करून घेणं अवघडच.

उजनीचं पाणी
भरपाई अवघड, पण उपचार कुठे आणि कोणाच्या खर्चाने, ते आधी ठरवून घेता येतं. सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीच्या संकेतस्थळावर चाचणीची नोंद बघा, त्यात केंद्राचं नाव आहे का बघा. माहितीपत्रक आणि सही केलेल्या संमतीपत्राची प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका. त्यावर डॉक्टरचा आणि समितीचा फोन नंबर असतो. डॉक्टरच्या नंबरावर सही करायच्या आधी एकदा रात्री अकरानंतर फोन लावून बघा.

शेंगाचटणी
उचलला तर पुढचं बोलू.

पूर्वभागातली
आणि उचलणाऱ्याला तेलुगू येतं का, तेही बघा.