डिसेंबरची सुट्टी जवळ आली, हे नाशकात कशावरून ओळखता?

कॅलेंडर न बघता सांगायचं. "थंडी पडली" एवढंच नको, ते बातम्यांतही येतं. तुमच्या गल्लीतलं, स्वयंपाकघरातलं, कामावरचं काहीतरी बारीकसं लिहा. माझं आधी: तुळशीचं लग्न लागलं की आमच्या कॉलनीतले आकाशकंदील माळ्यावर जातात. चांदणीच्या आकाराचे तेवढे लटकत राहतात. "राहू दे, नाताळ आलाच की!"

गंगापूर रोड
शुक्रवारी संध्याकाळी एमएच १५ पेक्षा एमएच ०१, ०२, ०४ च्याच गाड्या जास्त दिसायला लागतात. काच खाली होते, प्रश्न ठरलेला: "भैया, वायनरी किधर?" मी मराठीतच रस्ता सांगतो. राग पाहुण्यांचा नाही, पण रविवारी आपल्याच गावात मिसळ खायला नाव लिहून ताटकळायचं म्हणजे काय!

इंदिरानगर
आमच्याकडे खूण म्हणजे भांडण. थोरली मराठी शाळेत, तिला २५ तारखेची एकच सुट्टी. धाकटा कॉन्व्हेंटमध्ये, त्याला आठवडाभर. त्यात गॅदरिंग. शिंप्याकडे नऊवारी, कोळ्याचा ड्रेस आणि कुठल्यातरी झाडाचा पोशाख एकाच वेळी शिवायला पडलेले असतात.

निफाड तालुका
इथं सुट्टी कुणाला? ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा या दिवसांत डिपिंग-थिनिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला नि मणी विरळ करायला आलेल्या असतात. पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी वस्तीवर उतरलेली असते. पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते आणि आमची झोपही. पहाटे उठून बागेच्या कडेनं काडीकचरा पेटवून धूर करायचा. विहिरीचं पाणी त्या गारठ्यात कोमट लागतं, ते ठिबकनं सोडायचं. ज्यांनी आगाप छाटणी केली त्यांच्या घडात पाणी उतरलेलं असतं, म्हणजे मणी पिकायला लागलेले असतात, त्यांना मणी तडकायची धास्ती.

आता खूण सांगतो. मुंबईहून भाचीचा फोन येतो, "मामा, शेकोटीला येऊ ना?" तिला शेकोटी, हुरडा आणि फोटो हवे असतात. ये म्हणतो. आली की पहाटे चारला उठवून बागेतल्याच शेकोटीवर बसवतो. गेल्या साली तिनं काडीकचरा ओढून आणला. फोटो काढायचं विसरली.

शरणपूर रोड
आम्ही ख्रिस्ती. दिवाळीला शेजारच्या काकूंकडून आलेले फराळाचे डबे रिकामे कसे परत करायचे? म्हणून ते नाताळपर्यंत आमच्याच ओट्यावर राहतात. काकू दारात दिसल्या की विचारतात, "माझा निळ्या झाकणाचा डबा कधी भरणार गं?" तो प्रश्न आला की मी मैदा आणते. मग जावा-नणंदा मिळून काट्याच्या पाठीवर कुलकुल वळतो. करंज्या तर आमच्याकडेही होतातच. रात्री तरुण मंडळी पेटी-ढोलकी घेऊन दारोदार गायला निघतात, त्यांना चहा लागतो. आलं आधीच किसून ठेवावं.

सिन्नर, पक्षीवाला
नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. चक्रवाक आणि थापट्या बदकं तर आधीच आलेली असतात, त्यावरून सुट्टी कळत नाही. चापडगावच्या मनोऱ्याजवळ कुणी मोठ्या आवाजात "फ्लेमिंगो कुठंयत?" विचारलं की कळते. २०२० साली रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाल्यापासून हा प्रश्न वाढलाय. दादा, आवाज कमी केलात तर काहीतरी दिसेल.

कॉलेज रोड
तिबेटी स्वेटरवाल्यांकडे आई भाव करायला लागते. घेत काहीच नाही. कपाटात ढीग पडलाय.

पंचवटी, फळवाला
गाडीवर आगाप द्राक्षं आली की बघा कोण घेतं. बाहेरगावचे पाहुणे. "नाशिकची आहेत ना?" म्हणून एक मणी तोंडात टाकतात, डोळे बारीक करतात, तरी किलोभर घेतात. गावातलं गिऱ्हाईक नुसता भाव विचारतं आणि सांगून जातं, "शिवरात्रीला येतो."